गरीब म्हणजे कोण?

मागच्या रमजानमध्ये एका रात्री बाराच्या सुमाराला फोन वाजला. सहेरीला उठायचं म्हणून घरातले सगळे झोपले होते. फोन सौदी अरेबियातून, दम्मामहून होता. आमच्या शिरूर कासारचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी. तिकडे साडेनऊ वाजले होते. तरावीह आटोपून तो खोलीवर आला होता. एका गोदामात कामाला लागून त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. ख्यालीखुशाली झाली आणि मग तो म्हणाला, "मॅडम, इथं येताना मला वाटलं होतं, आपल्याच माणसांत चाललोय. इथं तर मला सगळे 'हिंदी' म्हणतात."

मी हसले. तो हसला नाही.

अरबीत 'हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचा माणूस. केरळचा ख्रिस्ती, तेलंगणाचा हिंदू आणि बीड जिल्ह्यातला मुसलमान हे तिघंही तिथं या एका शब्दात बसतात. नाव विचारायचे कष्ट घ्यायचे नसतील तर 'रफीक' किंवा 'सदीक' अशी हाक. दोन्हींचा अर्थ मित्र, सोबती. "पण मॅडम, मित्राला कुणी चुटकी वाजवून बोलावतं का?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तो एकेक सांगत गेला. आपल्याकडे हाफिजसाहेब अख्खं कुरआन पाठ म्हणून तरावीह पढवतात, तिथला इमाम हातात कुरआन धरून बघून वाचतो. गावी वीस रकात, तिथं त्याच्या मशिदीत आठच. दिवसा रस्ते सुने आणि रात्री दोनला बाजार जत्रेसारखा भरलेला. शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी सकाळी कामावर हजर. इफ्तारला मशिदीबाहेर लांबच लांब प्लॅस्टिकचा कपडा अंथरतात, त्यावर खजूर, ताक आणि सांबुसा. भाताचं एकच मोठं ताट आणि त्याभोवती चार अनोळखी माणसं. ते मात्र त्याला फार आवडलं होतं. ताटाला हात लावताना कुणी कुणाला कुठला म्हणून विचारत नाही.

शेवटी खरी गोष्ट बाहेर आली. सौदीत चांद बहुतेक वेळा आपल्या एक दिवस आधी होतो. म्हणजे त्याची ईद असेल त्या दिवशी इथं त्याच्या आईचा रोजा असणार. "आई उपाशी असताना मी ईद कशी करू?"

त्याचं शरियतमधलं उत्तर सोपं आहे. माणूस ज्या मुलखात असेल, तिथल्या लोकांबरोबर रोजा आणि तिथल्या लोकांबरोबर ईद. ते मी त्याला सांगितलं. त्यानं "जी" म्हणून फोन ठेवला. पण त्याचा प्रश्न चांदाचा नव्हता, हे मलाही कळत होतं. सहेरीपर्यंत मला काही झोप आली नाही. मला राहून राहून एक माणूस आठवत होता. तो साडेपाचशे वर्षांपूर्वी उलट्या दिशेनं आपल्या मुलखात आला होता आणि इथं बसून नेमक्या याच प्रश्नावर रडला होता.

चौलच्या बंदरावर उतरलेला गोरा

अफानासी निकितीन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. व्होल्गा नदीतून माल घेऊन निघाला आणि आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. मालाबरोबर त्याची धर्माची पुस्तकंही गेली. ही पुस्तकांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कर्ज काढून निघालेला माणूस रिकाम्या हातानं घरी कसा जाणार? तो इराणात उतरला, होर्मुझला पोहोचला, तिथं एक घोडा मिळवला आणि जहाजानं कोकणातल्या चौल बंदरावर आला. हा काळ साधारण 1470 च्या आसपासचा. वास्को द गामा कालिकतला आला तो 1498 साली, म्हणजे त्याच्याही पंचवीस-तीस वर्षं आधी. चौलला लागूनच असलेल्या रेवदंड्यात आज त्याच्या नावाचा स्मारकस्तंभ आहे. जुन्या वाचकांना 1957 चा 'परदेसी' हा चित्रपट आठवत असेल, नर्गिस आणि बलराज साहनींचा. तो याच निकितीनवर होता.

घोडाच का? कारण दख्खनमध्ये चांगले घोडे पैदा होत नसत. अरबस्तान आणि इराणातून ते जहाजानं यायचे आणि सोन्याच्या भावानं विकले जायचे. एक घोडा विकून आपलं नशीब उघडेल, असं त्याला वाटलं असणार. आखातात जाणाऱ्या पोरांचा हिशेबही फार वेगळा नसतो. एजंटाचे पैसे फेडू, बहिणीचं लग्न करू, घरावर स्लॅब टाकू.

चौलहून तो घाट चढून जुन्नरला आला, जुन्नरहून बीदरला. त्या वाटेला त्याला महिना लागला. बीदर तेव्हा बहमनी सुलतानांची राजधानी होती आणि आपला बीडचा मुलूखही त्याच राज्यात होता. तो आपल्या गावांवरून गेला असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसांविषयी त्यानं लिहिलं, ते आपलेच पूर्वज होते. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही.

त्यांना पाहून तो चकित झाला, पण त्याआधी तेच त्याला पाहून चकित झाले. तो जिथं जाईल तिथं माणसांचा घोळका त्याच्या मागं. गोरा माणूस कुणी पाहिलेलाच नव्हता. आणि हा इकडे वहीत लिहितोय की इथं माणसं उघड्या अंगानं, अनवाणी आणि डोक्याला काही न बांधता फिरतात. कडाक्याच्या थंडीच्या देशातून आलेल्या माणसाला उघडं डोकं म्हणजे आश्चर्यच! बघणाऱ्यालाही कुणीतरी बघत असतं, हे परमुलखात गेल्याशिवाय कळत नाही.

त्याची बाकीची आश्चर्यंही वाचण्यासारखी आहेत. त्याच्या लेखी इथला 'हिवाळा' म्हणजे पावसाळा. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात. त्याच्या देशात हिवाळ्यात जमीन बर्फाखाली असते, इथं तेव्हा शेत जागं होतं. इथं घोड्याला हरभरा देतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून चारतात, याची त्यानं मुद्दाम नोंद केली आहे. खिचडी हा शब्दही त्यानं तसाच उचलला. नारळाची आणि ताडाची दारू त्याला नवी होती. आणि एक निरीक्षण जरा बोचणारं आहे. मुलूख माणसांनी गजबजलेला, खेड्यातली रयत कंगाल आणि सरदार मात्र चांदीच्या पालख्यांतून मिरवणारे. पाहुण्याच्या नजरेला हे लगेच दिसलं. आपल्या नजरेला अजूनही उशिरा दिसतं.

अनोळखी माणसाची मोजपट्टी

परका माणूस नवी गोष्ट आपल्याच मापानं मोजतो. निकितीनच्या सव्वाशे वर्षं आधी मोरोक्कोचा इब्न बतूता याच भागातून गेला होता. 1342 साली तो दिल्लीहून निघाला आणि दौलताबाद, नंदुरबार करत खंबायतकडे गेला. मराठी मुलखातल्या लोकांविषयी त्यानं लिहिलंय की हे भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जनावराला त्रास देणं यांना आवडत नाही आणि जेवणाआधी अंघोळ करतात. ती अंघोळ कशी, तर आपल्याकडच्या गुस्लसारखी, असं तो सांगतो. गुस्ल म्हणजे मुसलमानांचं शुद्धीचं स्नान. शेजाऱ्याचं सोवळं त्यानं आपल्या शब्दात ओळखलं.

निकितीनही तेच करतो. हिंदू लोकांबरोबर तो शिवरात्रीच्या यात्रेला 'पर्वत' नावाच्या ठिकाणी गेला. अभ्यासक ते आंध्रातलं श्रीशैल, मल्लिकार्जुनाचं ठिकाण मानतात. हे हिंदूंचं जेरुसलेम, मुसलमानांची जशी मक्का तसं, असं तो घरच्यांना समजावून सांगतो. मूर्तीचा वर उचललेला उजवा हात पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलचा जस्टिनियन बादशहाचा पुतळा आठवतो. आपला तो दम्मामचा मुलगा भाताच्या ताटाविषयी सांगताना म्हणाला होता, "मॅडम, अगदी सप्त्याच्या पंगतीसारखं वाटतं." त्यालाही परक्या देशातलं सुख मोजायला गावच्या हरिनाम सप्त्याचीच पंगत सापडली होती. मुसलमानाचा मुलगा, पण सप्त्यात पत्रावळ्या वाढत मोठा झालेला.

जुन्नरचे चार दिवस

परकं असणं नुसतं गमतीचं नसतं. जुन्नरच्या असदखानाला कळलं की हा मुसलमान नाही, रूसी आहे. खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं की आमचा धर्म स्वीकार, तर घोडाही देतो आणि वर हजार मोहराही. नाही म्हणालास तर घोडा गेला आणि तुलाही दंड. मुदत चार दिवसांची. एकट्या माणसाचं साऱ्या आयुष्याचं भांडवल म्हणजे तो घोडा.

रमजानच्या पानावर हा प्रसंग गाळून पुढे जाणं सोपं होतं. पण तो गाळून जे लिहिलं जाईल त्यावर कुणी विश्वास ठेवू नये. धर्मात जबरदस्ती नाही हे कुरआनच्या दुसऱ्या सुऱ्यात स्पष्ट आहे, तरी खानानं जबरदस्ती केली. आणि त्याच चार दिवसांत मुहम्मद नावाचा एक खुरासानी अंमलदार तिथं आला. निकितीननं त्याच्यापुढे हात जोडले. तो माणूस घोड्यावर बसून खानाकडे गेला, शब्द टाकला, याचा धर्मही वाचवला आणि घोडाही परत आणून दिला. निकितीननं याला देवाचा चमत्कार म्हटलं आहे. छळणाराही मुसलमान, सोडवणाराही मुसलमान. मला यातून धर्माचा निवाडा करायचा नाही. पण सोडवणारा स्वतः खुरासानातून, म्हणजे परमुलखातून आलेला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. परकेपण त्याला ठाऊक असावं.

पुस्तकं गेली, महिने हरवले

आता त्या लुटलेल्या पुस्तकांकडे येऊ. ख्रिस्ती लोकांचा मोठा सण ईस्टर. त्याआधी जवळजवळ सात आठवड्यांचा उपास असतो आणि त्यात रूसी लोक मांस, दूध, लोणी वर्ज्य करतात. पण ईस्टरची तारीख ठरलेली नसते. 21 मार्चच्या सुमाराच्या वसंत संपातानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्या नंतरचा रविवार. ते गणित पुस्तकात असायचं आणि पुस्तकं तातारांकडे गेली होती. सोबत एकही ख्रिस्ती माणूस नाही, चर्च नाही, घंटा नाही. आज बुधवार की शुक्रवार, उपासाचा दिवस कोणता, सण कोणता, हेच त्याला कळेनासं झालं.

मुसलमानांचा महिनाही चांदाचाच, पण त्याचा हिशेब आणखी वेगळा. आपल्या पंचांगात साधारण दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना येतो, म्हणून दिवाळी कायम शरदातच येते. हिजरी सनात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. म्हणूनच माझ्या आठवणीतले काही रोजे मे महिन्याच्या रणरणत्या उन्हातले आहेत आणि आत्ताचे गुलाबी थंडीच्या शेवटाचे.

निकितीन इथं होता तेव्हा रमजान योगायोगानं त्याच्या उपासाच्या दिवसांच्या जवळपास येत होता. मग त्यानं काय केलं? बीदरच्या मुसलमानांनी रोजे धरले, तेव्हा त्यानंही उपास धरला. महिनाभर मांस नाही, दूध-तूप नाही, दिवसातून दोनदा नुसती भाकरी आणि पाणी. आपला ईस्टर बहुधा यांच्या ईदच्या नऊ-दहा दिवस आधी असावा, असा अंदाज बांधून त्यानं एकट्यानं सण केला. म्हणजे शेजाऱ्याच्या चांदाचा आधार घेऊन तो आपला हरवलेला सण शोधत होता.

त्यानं हे लिहिलंय तेही गमतीच्या भाषेत. रूसी लिहिता लिहिता मन भरून आलं की तो तुर्की, फारसी, अरबी यांच्या मिश्रणात शिरतो, पण लिपी रूसीच. प्रार्थना करताना देवाला बोग म्हणतो, अल्लाह म्हणतो, खुदा म्हणतो आणि तुर्कांचं तंग्रीही म्हणतो. आमच्या घरांत दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि बँकेत हिंदी बोलणाऱ्यांना हे काही नवीन वाटणार नाही. तिथल्या वाक्यांत उपासासाठी तो तुर्की 'उरुच' हा शब्द वापरतो. उरुच आणि आपला रोजा हे एकाच इराणी मुळाचे मानले जातात. तो शब्द प्रथम वाचला तेव्हा गर्दीत कुणी ओळखीचं भेटावं तसं मला झालं.

परका, गरीब, बापुडा

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी ही सगळी गोष्ट सांगितली. बीदरमध्ये मलिक नावाच्या एका मुसलमानानं त्याच्यामागे धर्माचा लकडा लावला. निकितीननं त्याला जे उत्तर दिलं, त्याचा भाव असा की तूही नमाज पढतोस आणि मीही प्रार्थना करतो, तू पाच वेळा करतोस, मी तीन वेळा. मग स्वतःविषयी सांगताना त्यानं एक शब्द वापरला आहे, 'गरीप'. म्हणजे आपला गरीब.

तो पैशाविषयी बोलत नव्हता. अरबीत 'ग़रीब' म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर आलेला. तू इथला, मी परका, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मलिक त्याला म्हणाला की तू मुसलमान दिसत नाहीस आणि तुला ख्रिस्ती धर्मही धड माहीत नाही. ते ऐकून निकितीन खोल विचारात पडला आणि स्वतःच्या नावानं हळहळला. वाट चुकलो, आता कुठल्या वाटेनं जाऊ, असा त्याचा सूर आहे.

हा शब्द मराठीत येऊन कसा बदलला पाहा. मराठीत गरीब म्हणजे पैसा नसलेला. गोरगरीब म्हणजे हातावर पोट असलेले लोक. आणि 'पोरगी स्वभावानं गरीब आहे' असं म्हणतो तेव्हा अर्थ होतो निमूट, कुणाच्या वाट्याला न जाणारी. गरीब गाय म्हणतो ते त्याच अर्थानं. परका, निर्धन आणि निमूट. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं म्हणतात, मॅडम, तीन वेगळे अर्थ. मला ते वेगळे वाटत नाहीत. ज्याचं इथं कुणी नाही तो परका. ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही त्याला पैसा टिकवता येत नाही, घोडा टिकवता येत नाही. आणि असा माणूस मान खाली घालून चालायला शिकतो. चुटकी वाजली तरी 'जी' म्हणतो.

त्या काळच्या बीदरमध्ये हा शब्द राजकारणाचाही होता. दरबारात दोन तट होते. एक दखनी, म्हणजे इथं मुरलेले. दुसरे आफाकी किंवा गरीब, म्हणजे इराण-तुराणातून आलेले परदेसी. निकितीननं ज्याच्या थाटामाटाचं वर्णन केलंय तो वजीर महमूद गावान इराणातल्या गीलानचा. त्यानं बांधलेला मदरसा बीदरला आजही उभा आहे, 1472 चा. हा वजीर दोन्ही तटांत तोल साधू पाहत होता. शेवटी विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि 1481 साली सुलतानानं त्याला ठार मारलं. त्यानंतर बहमनी राज्यही फार काळ एकसंध राहिलं नाही. दोन्ही तट मुसलमानच होते. म्हणजे धर्म एक असला की परकेपण संपतं, हा समज माझ्या विद्यार्थ्याच्या आधी पाचशे वर्षं बीदरमध्ये खोटा ठरला होता.

आणि याच शब्दाला दख्खनच्या सूफींनी मान दिला. खुलताबादला ज्यांचा दर्गा आहे ते हजरत बुऱ्हानुद्दीन 'गरीब' या नावानंच ओळखले जातात. अजमेरच्या ख्वाजांना लोक गरीबनवाज म्हणतात. बिनआधाराच्या माणसाला आधार देणारा, असा त्याचा भाव.

झाकलेलं भांडं

निकितीनच्या वहीतली एक नोंद मी दर रमजानमध्ये कुणाला तरी सांगते. इथले हिंदू लोक मुसलमानांसमोर जेवत नसत. प्रत्येकाचं भांडं वेगळं आणि मुसलमानाची नजर पडली तर ते अन्न खायचं नाही. काही जण तर जेवताना वरून कपडा घेत. निकितीन तेव्हा ख्वाजा यूसुफ खुरासानी या नावानं वावरत होता. कपडे तसे, बोली तशी. त्यामुळे त्याच्यासमोरही भांडी झाकली जात.

बीदरमध्ये त्याची अनेक हिंदूंशी ओळख झाली. एके दिवशी त्यानं त्यांना खरं सांगितलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफानासी. त्यानंतर ते त्याच्यापासून काही लपवेनासे झाले. जेवण, व्यापार, पूजा, घरातल्या बायका, सगळं. त्यांच्या चालीरीती तो विचारत गेला आणि ते सांगत गेले. रविवारी आणि सोमवारी दिवसातून एकदाच जेवतात, हेही त्यानं टिपून ठेवलं. आमच्या शेजारच्या काकूंचा सोमवार अजून चालू आहे.

यातला मुसलमानांविषयीचा भाग मला वाचताना टोचतो, हे कबूल करते. झाकलेली भांडी माझ्या आजीनंही पाहिली होती. पण मला त्यातून एवढंच दिसतं की उसनं नाव घेऊन वावरणाऱ्या माणसाला परमुलखात थारा मिळतो, पंगत मिळत नाही. निकितीनला पंगत मिळाली ती स्वतःचं नाव सांगितल्यावर.

त्याला व्यापारात फारसं काही हाती लागलं नाही. वर्षभर पोसलेला घोडा त्यानं बीदरला विकला. मिरी आणि रंग इथं स्वस्त होते, पण त्याच्या देशात न्यावा असा माल त्याला सापडला नाही. दाभोळहून जहाजात बसून तो परत निघाला आणि आपलं गाव गाठायच्या आधीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. वही मात्र 1475 साली मॉस्कोला पोहोचली. तिच्या शेवटच्या ओळी अरबी प्रार्थनेच्या आहेत. रूसी अक्षरांत अल्लाहची नावं लिहून या ख्रिस्ती माणसानं आपली वही मिटली. तो आतून कुणाचा झाला होता यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला वाटतं, तो देवाचाच राहिला होता. फक्त त्याला हाक मारायला आता एका भाषेतले शब्द पुरत नव्हते.

वाटेचा मुलगा

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या घरी एक वही निघते. वर्षभराच्या शिल्लक मालमत्तेवर शेकडा अडीच जकात, तिचा हिशेब. जकात कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुरआननं सांगितले आहेत. फकीर, मिस्कीन, कर्जात बुडालेला, गुलामीत अडकलेला असे. त्यातला आठवा आहे 'इब्न-उस-सबील'. शब्दशः अर्थ वाटेचा मुलगा, म्हणजे मुसाफिर. गावी त्याची माडी असेल, शेत असेल, पण वाटेत तो अडला असेल तर जकातीवर त्याचा हक्क आहे. म्हणजे खिसा भरलेला माणूसही गरीब असू शकतो, हे शरियतनं धरलेलं आहे. मुसाफिराला रोज्याचीही सूट आहे, घरी पोहोचल्यावर ते दिवस भरून काढायचे.

दरवर्षी आमच्या वहीत हा आठवा रकाना कोरा राहायचा. आता मुसाफिर कुठं राहिलेत, एसटी आहे, फोन आहे, असं म्हणून मी पुढे जायचे. पण आपल्याच तालुक्याकडे पाहिलं तर काय दिसतं? दिवाळीच्या आगेमागे शिरूर तालुक्यातली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयत्यावर निघालेली जोडपी टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीला, कर्नाटकात जातात. फडाच्या कडेला कोपी टाकून पाच-सहा महिने राहतात. तिथं त्यांना नावानं कोण ओळखतं? त्यांची पोरं तिथल्या शाळेत मागच्या बाकावर बसतात किंवा बसतच नाहीत. रमजान आता ऐन गाळप हंगामात येऊ लागलाय. त्यांच्यात मुसलमान कुटुंबंही असतात. पहाटे तीनला मोळ्या बांधायला उठायचं, तीच त्यांची सहेरी. बाकीच्यांची एकादशी आणि सोमवारही त्याच फडात. जकातीचे नियम वेगळे आहेत, ती बहुतेक उलेमांच्या मते मुसलमान हक्कदारालाच जाते. पण सदका आणि पाहुणचार यांना धर्माची अट नाही. आमच्या वहीतला आठवा रकाना मी आता भरते. कुणासाठी ते लिहिणार नाही, ते लिहायचं नसतं.

अरबीत 'गरीब' ज्या धातूपासून येतो, त्याच धातूपासून सूर्यास्ताला 'गुरूब' म्हणतात आणि सूर्यास्ताच्या नमाजला 'मगरिब'. म्हणजे आपण रोज ज्या घटकेला खजूर तोंडात टाकतो, तिच्या नावातच परका माणूस उभा आहे. त्या वेळी दारावर कुणी आलं तर त्याला आधी आत घ्यायचं आणि नाव नंतर विचारायचं, असं आमच्या अब्बांनी शिकवलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्या मुलाची ईद आपल्या एक दिवस आधीच झाली. त्या दिवशी त्याच्या आईचा तिसावा रोजा होता. तिनं दिवसभर कुणाला काही म्हटलं नाही. मगरिबला रोजा सोडला, नमाज झाली आणि चुलीवर दूध चढवलं. खरं तर शीरखुर्मा दुसऱ्या दिवशी पहाटे करायचा असतो. रात्री आठच्या सुमाराला ती आमच्या घरी आणि शेजारच्या काकूंकडे एकेक वाटी घेऊन आली. काकू म्हणाल्या, "अगं, ईद तर उद्याय ना?"

"हो," ती म्हणाली, "आमची उद्या. पोराची आज आहे."